वेग हवा, पण ताप नको!

मिळालेल्या वेगावर समाधान मानणे मनुष्याच्या स्वभावात नाही. बैलगाडी होती तेव्हा त्याने बैल बदलले, मोटार आली तेव्हा तिचे इंजिन खोलून पाहिले, आणि आता घरातल्या टेबलावर संगणक आला आहे तर त्याच्या पाठीशीही हा चाबूक घेऊन उभा आहेच. नवा आणला त्या दिवशी संगणक विजेसारखा वाटतो. दोन दिवाळ्या उलटल्या की तोच कुंथत चालल्याचा भास होऊ लागतो, आणि मग घरातले कॉलेजात जाणारे चिरंजीव एके दिवशी जेवताना सहज म्हटल्यासारखे म्हणतात, “बाबा, आपण याला ओव्हरक्लॉक करू या का? फक्त एक चांगला कूलर आणि थोडी रॅम लागेल.”

या ‘फक्त’ची किंमत बाबांना अनुभवाने ठाऊक असते. परंतु हा विषय आपला नव्हे असे समजून ते एक तर मुकाट्याने पैसे काढून देतात, नाही तर सरसकट नकार देतात. दोन्हींतही घरच्या पैशांचे नुकसान होण्याचा संभव आहे. शिवाय प्रश्न केवळ पैशांचा नव्हे. ज्या पेटीवर चिरंजीव खेळ खेळतात, तिच्यातच कन्येचे वास्तुशास्त्राचे नकाशे असतात, बाबांचे आयकराचे कागद असतात, आणि आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाची छायाचित्रेही असतात. घोडा एकाने दामटायचा आणि पडायचे मात्र गाडीत बसलेल्या साऱ्यांनी, असा हा प्रकार आहे. तेव्हा लगाम कोठे धरावयाचा, हे घरातल्या सर्वांनाच कळलेले बरे.

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे काय, ते आधी पाहू. संगणकातील प्रोसेसर एका ठेक्यावर काम करतो. आमच्या चर्चेसाठी आपण एक नेहमीचा प्रोसेसर घेऊ : एएमडी कंपनीचा रायझेन ७ ५८०० एक्स. २०२० च्या नोव्हेंबरात तो बाजारात आला आणि आपल्याकडे पुष्कळ घरांत पोचला. त्याचा मूळ ठेका ३.८ गिगाहर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ३८० कोटी ठोके. अंगात जोर असेल तेव्हा तो आपण होऊन ४.७ गिगाहर्ट्झपर्यंत चढतो. कंपनीने ठरवून दिलेल्या या मर्यादेपलीकडे ठेका वाढविणे, याला ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. गवई दुगुणीत गात असताना तबलजीने मनाने चौगुण धरावी, तसेच हे. गवई कसलेला असेल तर निभावून नेईल. नसेल तर बैठक मोडेल.

या छंदाच्या इतिहासात एक प्रकरण फार गाजलेले आहे. १९९८ च्या ऑगस्टमध्ये इंटेल कंपनीने ‘सेलेरॉन ३०० ए’ नावाचा एक स्वस्त प्रोसेसर काढला. मदरबोर्डावरचा ठेका ६६ मेगाहर्ट्झ, त्याची साडेचार पट म्हणजे ३००, असा त्याचा हिशेब होता. ही साडेचार पट कंपनीने कुलूप लावून पक्की केली होती. परंतु मदरबोर्डावरचा ठेकाच ६६ ऐवजी १०० केला तर? साडेचार गुणिले शंभर, चारशे पन्नास! आश्चर्य असे की यांतील पुष्कळ चिपा या वेगावर विनातक्रार चालत. त्याच महिन्यात इंटेलने ४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम २ काढला होता, आणि त्याची किंमत या सेलेरॉनच्या चौपटीहून अधिक होती. साहजिकच जगभरची विद्यार्थी मंडळी या स्वस्त चिपेवर तुटून पडली.

मात्र एक मेख होती. मदरबोर्डावरचा ठेका वाढविला म्हणजे त्याच ठेक्यावर चालणाऱ्या रॅमचाही वेग वाढे. ६६ साठी घेतलेली जुनी रॅम १०० वर टिकेलच, याची खात्री नसे; त्यासाठी ‘पीसी १००’ जातीची रॅम घ्यावी लागे. आणि वाढलेली उष्णता वाहून नेण्यासाठी कूलरही जरा बरा लागे. प्रोसेसर फुकटात पळाला खरा, पण त्याच्या दोन सोबत्यांचे तिकीट काढावे लागले. कूलर आणि रॅम यांची जोडी तेव्हापासून या छंदाला जी चिकटली आहे, ती आजतागायत.

तो काळ मात्र आता गेला. त्या वेळी कंपन्या चिपेच्या अंगात बराच जोर शिल्लक ठेवून ती विकत. आज त्या स्वतःच ती दामटून विकतात. ५८०० एक्ससारखा प्रोसेसर क्षणोक्षणी आपले तापमान आणि आपण ओढत असलेली वीज तपासतो, आणि जितके झेपेल तितका वेग स्वतःच वाढवितो. दुसऱ्याने दामटण्यासारखे फारसे उरतच नाही. तापमान ९० अंश सेल्सियसला पोचले की तो आपणच पाऊल आवरतो. यातून एक निष्कर्ष निघतो, आणि आमच्या मते या साऱ्या प्रकरणातला तोच महत्त्वाचा आहे : हल्लीच्या प्रोसेसरला अधिक वेग द्यावयाचा तर त्याला आकडे वाढवून देण्यापेक्षा गारवा द्यावा. बायॉसमध्ये शिरून काहीही न बदलता केवळ चांगला कूलर बसविला, तरी उन्हाळ्याच्या दुपारी हरपलेला वेग परत मिळतो.

उष्णतेचा हिशेब

आता थोडे गणित. घाबरण्याचे कारण नाही, शाळेतल्या गुणाकाराइतकेच आहे. चिपेत निर्माण होणारी उष्णता ढोबळमानाने ठेक्याच्या प्रमाणात वाढते, आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ठेका वाढविला की तो पेलण्यासाठी बहुधा व्होल्टेजही वाढवावे लागते. समजा, ठेका दहा टक्क्यांनी वाढविला आणि त्यासाठी व्होल्टेजही दहा टक्के चढवावे लागले. १.१ गुणिले १.१ गुणिले १.१ करून पाहा : १.३३ येते. म्हणजे वेग एक दशांशाने वाढला आणि उष्णता एक तृतीयांशाने! शंभर वॅटची चिप १३३ वॅटची झाली. वाण्याने असा सौदा केला तर त्याच्या दुकानाची पायरी आपण पुन्हा चढणार नाही.

हेच गणित उलटे चालविले तर ते आपल्या फायद्याचे आहे. वेग तोच ठेवून व्होल्टेज पाच टक्क्यांनी उतरविले, तर उष्णता सुमारे दहा टक्क्यांनी उतरते. रायझेनच्या बायॉसमध्ये ‘कर्व्ह ऑप्टिमायझर’ नावाची सोय याच कामासाठी आहे. चिपेच्या अंगची कुवत थोडी बरी निघाली तर ती कमी व्होल्टेजवर तोच वेग राखते, आणि अंग गार राहिल्यामुळे कित्येकदा थोडी अधिकच पळते. चिरंजीवांना बायॉसमध्ये हात घालण्याची हौस असेल तर ती येथे भागवावी. यात चिप जळण्याची भीती नाही. फार तर संगणक मध्येच बंद पडून पुन्हा सुरू होईल, आणि मग एक पायरी मागे यावयाचे.

व्होल्टेजच्या बाबतीत खुद्द कारखानदारांचाही तोल जाऊ शकतो, हे २०२४ साली दिसले. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील वरच्या दर्जाचे प्रोसेसर काही काळाने डळमळू लागल्याच्या तक्रारी जगभरातून आल्या. चिप आपल्या गरजेहून अधिक व्होल्टेज मागून घेते आणि त्यामुळे ती अकाली झिजते, असे कंपनीला त्या वर्षी मान्य करावे लागले. ऑगस्ट व सप्टेंबरमध्ये तिने दुरुस्त केलेले मायक्रोकोड दिले आणि त्या प्रोसेसरांची हमी आणखी दोन वर्षांनी वाढविली. ज्यांच्या घरी असा प्रोसेसर आहे, त्यांनी मदरबोर्डाचे बायॉस नवे करून घेतल्यावाचून दुसरा कोणताही खर्च करू नये. आणि हेही ध्यानात असावे की स्वतः केलेल्या ओव्हरक्लॉकिंगने झालेली हानी कंपन्या हमीत धरत नाहीत.

इस्त्री आणि शर्टाचे बटण

शंभर-सव्वाशे वॅट म्हणजे काही फार नव्हे, जुन्या बल्बइतके, असे कोणी म्हणेल. परंतु ही उष्णता किती जागेतून बाहेर पडते ते पाहा. कपड्यांची इस्त्री हजार वॅटची धरली तर तिचा तळ दीडशे-दोनशे चौरस सेंटिमीटरचा असतो. दर चौरस सेंटिमीटरला पाच ते सात वॅट पडतात. ५८०० एक्समधील मुख्य सिलिकॉनचा तुकडा सुमारे ८१ चौरस मिलिमीटरचा आहे. शर्टाच्या बटणाएवढा! त्यातून शंभर वॅट बाहेर काढावयाचे म्हणजे इस्त्रीच्या तळाच्या जवळजवळ वीसपट दाटीने उष्णता वाहून न्यावयाची. कूलरचे काम किती अवघड आहे, हे यावरून कळावे.

या कामाची पहिली पायरी म्हणजे प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावावयाची पेस्ट. दोन्ही पृष्ठभाग डोळ्यांना गुळगुळीत दिसले तरी त्यांत बारीक खळगे असतात. त्यांत हवा राहिली की उष्णता अडते. ही हवा घालविण्यापुरतीच पेस्ट हवी. मटाराच्या दाण्याएवढी पुरे. ब्रेडवर लोणी थापावे तशी थापणारे लोक आम्ही पाहिले आहेत. त्यांनी ते कौशल्य न्याहारीसाठी राखून ठेवावे. गॅलियमपासून बनविलेला ‘लिक्विड मेटल’ नावाचा एक प्रकार दुकानात मिळतो. तो ॲल्युमिनियमला खातो आणि वीजही वाहतो. घरच्या संगणकात त्याचे काम नाही.

पुढची पायरी कूलरच्या तांब्याच्या नळ्या. या भरीव नसतात. आतली हवा काढून त्यांत थोडेसे पाणी घातलेले असते. दाब कमी असल्यामुळे ते पाणी थोड्याशा उष्णतेनेही वाफ होते, वाफ पंखाजवळच्या थंड टोकाला जाते, तेथे तिचे पाणी होते, आणि नळीच्या आतल्या सच्छिद्र अस्तरातून ते झिरपत पुन्हा खाली येते. इडलीपात्राच्या झाकणावर वाफेचे थेंब जमून खाली पडतात ना, तोच खेळ. फक्त येथे तो अखंड चालतो आणि त्यास वीज लागत नाही. १९६३ मध्ये अमेरिकेतील लॉस आलामॉस येथे जॉर्ज ग्रोव्हर यांनी या नळीचा पाठपुरावा केला, तो अंतराळयानांच्या विचाराने. आज ती वरळीच्या आणि वारज्याच्या घरांत चिरंजीवांच्या खेळांना गारवा पुरवीत आहे.

अशा चार-पाच नळ्यांचा, १२० मिलिमीटरच्या पंख्याचा उभा कूलर आपल्या ५८०० एक्सला उत्तम पुरतो. घेताना दोन मापे मात्र पाहावीत : सॉकेट कोणते, आणि उंची किती. मोठे कूलर उंच असतात. नॉक्टुआ कंपनीचा प्रसिद्ध एनएच-डी १५ तब्बल १६५ मिलिमीटर उंच आहे, आणि अरुंद कॅबिनेटचे झाकण त्यावर लागत नाही. दोन पंख्यांचा कूलर असेल तर पुढचा पंखा रॅमच्या पट्ट्यांवर येतो. पट्ट्यांना उंच, रंगीबेरंगी दिव्यांची शोभा असेल तर तो बसणारच नाही. रॅम आणि कूलर वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या दुकानांतून घेणाऱ्यांची येथेच फसगत होते.

आणि पाण्याचा कूलर? दिसावयास तो ऐटबाज खरा. पंप पाणी फिरवितो, रेडिएटरवर पंखे ते निववितात. दोन-अडीचशे वॅट ओढणाऱ्या प्रोसेसरांना तो खरोखर उपयोगी पडतो. परंतु पाण्याने उष्णता नाहीशी होत नाही, ती फक्त दुसऱ्या जागी जाते, आणि शेवटी आपल्याच खोलीत येते. पंपाला फिरणारे अवयव आहेत, ते केव्हातरी थकणार. बंद नळ्यांतूनही वर्षानुवर्षे थोडे पाणी उडते, आणि बहुतेक तयार कूलरांत ते पुन्हा भरण्याची सोय नसते. तो घ्यावयाचाच असेल तर रेडिएटरचा वरचा भाग पंपाहून उंच राहील असा बसवावा, म्हणजे हवेचा बुडबुडा पंपात अडकत नाही. साध्या उभ्या कूलरचा पंखा बिघडला तर थोडक्या पैशांत दुसरा बसतो. लोखंड-तांबे तसेच राहते. मध्यमवर्गीय घराला हा व्यवहार अधिक मानवतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

नागपूरचा मे महिना

समजा, नागपुरात धरमपेठेत एक कुटुंब आहे. त्यांच्या घरी हाच ५८०० एक्स आहे, त्यावर स्वस्तातला एक छोटा कूलर, आणि रॅम आठ-आठ जीबीच्या दोन पट्ट्या. मुलगा खेळ खेळतो, मुलगी चित्रफिती जुळविते. दोघांची तक्रार एकच : मे महिन्यात संगणक मंदावतो.

यात गूढ काहीच नाही. हवेचा किंवा पाण्याचा कोणताही कूलर चिपेला खोलीहून अधिक थंड करू शकत नाही. खोलीच्या तापमानावर काही अंशांची चढण राहतेच. खोलीत बावीस अंश असताना जी चिप ७५ दाखविते, ती खोलीत बेचाळीस अंश झाल्यावर पंचाण्णवाकडे निघते, आणि नव्वदीच्या उंबऱ्यावर वेग टाकून देते. नागपुरात मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंश हे काही नवल नव्हे. परदेशातील परीक्षणे वाचून कूलर निवडणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये. तेथे खोली वीस-बावीस अंशांची धरलेली असते. परीक्षणातल्या आकड्यात आपल्या गावचे वीस अंश मिळवून मगच निर्णय घ्यावा.

विदर्भात कूलर म्हटले की वाळ्याच्या पडद्यांचा, पाण्याचा कूलर डोळ्यांपुढे येतो. त्याने खोली निवते आणि अर्थात संगणकालाही बरे वाटते. पण त्याच्या झोतासमोर कॅबिनेट ठेवू नये. ओलसर हवेबरोबर बारीक तुषारही येतात, आणि तेथल्या जड पाण्यातले क्षार मदरबोर्डावर बसले तर तो गारवा महागात पडेल. बर्फ, फ्रीजमधली हवा असले प्रयोग कोकणात आणि मुंबईत तर मुळीच करू नयेत. हवेहून थंड झालेल्या धातूवर, गार पाण्याच्या तांब्यावर धरावा तसा, दव धरतो. द्रव नायट्रोजन ओतून विक्रम करणारी मंडळी मदरबोर्डाला आधी लेप लावून घेतात. २०२२ साली तर द्रव हेलियमच्या साहाय्याने एका इंटेल प्रोसेसरने ९ गिगाहर्ट्झचा टप्पा ओलांडला. तो सर्कशीतला झोका आहे. आपण पाळण्यावर समाधानी असावे.

धरमपेठेतल्या कुटुंबाने पहिला खर्च करण्यापूर्वी बिनखर्चाचा एक उपाय करावा. दिवाळीच्या साफसफाईत माळा झाडतात, तशी कॅबिनेटही उघडावी. संगणक बंद करून, वायर काढून, जाळ्या ब्रशाने झाडाव्यात, आणि कूलरच्या पात्यांतली धूळ ब्लोअरने उडवावी. त्या वेळी पंखा बोटाने धरून ठेवावा. वाऱ्याने तो भलत्याच वेगाने फिरला तर बिघडतो. कॅबिनेटचा पुढचा भाग बंद काचेचा असेल तर हवा आत येणार कोठून? काही वेळा बाजूचे झाकण काढून पाहिले की तापमान एकदम उतरते. तसे उतरले तर समजावे की रोग कूलरचा नसून कॅबिनेटचा आहे, आणि दोन साधे पंखे घेतल्याने काम भागेल.

ओटा केवढा असावा?

आता रॅमकडे वळू. स्वयंपाकघराची कल्पना करा. प्रोसेसर हा आचारी, रॅम हा ओटा, आणि हार्ड डिस्क किंवा एसएसडी ही कोठीची खोली. ओटा लहान असला की आचाऱ्याला दर दोन मिनिटांनी कोठीकडे पळावे लागते, आणि मग त्याचा हात कितीही चलाख असो, जेवणाला उशीर होतो. परंतु पुरणपोळीचे सारे साहित्य ज्या ओट्यावर मावते, तो आणखी दुप्पट केल्याने पोळी लवकर होत नाही.

म्हणून संवाद असा व्हावयास हवा :

“बाबा, आणखी सोळा जीबी घ्यायलाच हवी.”

“अरे, पण आहे ती सोळा तरी भरते का?”

याचे उत्तर संगणकच देतो. मुलीने तिचे नेहमीचे काम नेहमीसारखे उघडावे, आणि टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा रकाना पाहावा. तेथे सतत नव्वद टक्क्यांच्या आसपास आकडा असेल तर ओटा अपुरा आहे. बत्तीस जीबीचा खर्च सार्थ होईल, आणि त्याने जो फरक पडेल तो कोणत्याही ओव्हरक्लॉकिंगने पडणार नाही. साठ टक्क्यांवर असेल तर पैसे पेटीतच राहू द्यावेत. २०२५ च्या उत्तरार्धात कृत्रिम बुद्धिमत्तेच्या केंद्रांनी मेमरीची अफाट मागणी केल्यामुळे रॅमचे भाव कसे भडकले, हे ज्यांनी त्या दिवसांत लॅमिंग्टन रोडवर किंवा तपकीर गल्लीत चौकशी केली, त्यांना सांगावयास नको.

रॅम नेहमी जोडीने घ्यावी. प्रोसेसरपासून मेमरीकडे दोन वाटा जातात. एकच पट्टी लावली तर एक वाट ओस पडते. दोन पट्ट्या बहुधा दुसऱ्या व चौथ्या खाचेत लावावयाच्या असतात. मदरबोर्डाच्या पुस्तिकेत ते दिलेले असते आणि कोणी वाचत नाही. जुन्या दोन पट्ट्यांच्या शेजारी नव्या दोन लावून चार खाचा भरणे काटकसरीचे वाटते, पण त्यात एक तोटा आहे. या प्रोसेसरला दोन पट्ट्या असताना कंपनी ३२०० वेगाची ग्वाही देते. चार पट्ट्या झाल्या की ती ग्वाही २९३३ वर, आणि काही पट्ट्यांच्या बाबतीत २६६७ वर येते. प्रत्यक्षात अधिक वेग मिळतोही. पण ग्वाही नाही. शिवाय वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या पट्ट्यांचे एकमेकींशी जमेलच असे नाही. सासर-माहेरचा प्रश्न येथेही आहे.

वेगाच्या आकड्यांनी दुकानात डोळे दिपतात. पण पुडक्यावर दोन आकडे असतात, आणि दुसरा आकडा वाचल्याशिवाय पहिल्याला अर्थ नाही. ३२०० ची रॅम आणि तिचा सीएल आकडा १६; ३६०० ची रॅम आणि सीएल १८. पहिला आकडा माल किती वेगाने येतो ते सांगतो, तर दुसरा, मागणी केल्यावर पहिला घास किती ठोक्यांनी येईल ते. सीएलला दोन हजारांनी गुणून पहिल्या आकड्याने भागावे. ३२००-१६ चे उत्तर १० नॅनोसेकंद. ३६००-१८ चेही १०. आणि नव्या डीडीआर ५ जातीतली ६०००-३० घेतली तरी १०च! पहिल्या घासासाठी तिघींकडेही सारखेच थांबावे लागते. पुढचा ओघ मात्र जास्त आकड्याचा मोठा. (डीडीआर ५ ची पट्टी डीडीआर ४ च्या खाचेत बसत नाही. स्वस्त मिळाली म्हणून उचलू नये.)

५८०० एक्सच्या बाबतीत तर अधिक वेगवान रॅम प्रत्यक्ष मंद ठरू शकते. या प्रोसेसरचे आतले दळणवळण आणि रॅम एकाच ठेक्यावर चालतात तोपर्यंत सर्व ठीक असते. ही सांगड साधारण ३६०० पर्यंत सहज टिकते, काही चिपांत ३८०० पर्यंत. ४००० ची महागडी रॅम लावली की बहुधा सांगड सुटते, मेमरीचा नियंत्रक अर्ध्या ठेक्यावर उतरतो, आणि पहिल्या घासाला अधिकच वेळ लागू लागतो. जास्त पैसे मोजून कमी मिळविण्याची इतकी सोपी रीत दुसरी नसेल. नव्या एएम ५ सॉकेटच्या प्रोसेसरांत हाच समतोल ६००० च्या आसपास साधतो.

आणखी एक गंमत. कित्येक घरांत ३६०० ची रॅम आणलेली असते आणि ती वर्षानुवर्षे २६६६ किंवा तत्सम वेगानेच चालत असते. पुडक्यावरचा वेग आपोआप लागू होत नाही; बायॉसमध्ये एक्सएमपी नावाची नोंद चालू करावी लागते. नव्या रॅम खरेदीचा बेत असेल तर आधी टास्क मॅनेजरमध्ये सध्याचा वेग पाहावा. पुष्कळांची खरेदी तेथेच रद्द होईल. मात्र हे एक्सएमपीदेखील एक प्रकारचे ओव्हरक्लॉकिंगच आहे, कारण त्यात डीडीआर ४ चे व्होल्टेज नेहमीच्या १.२ वरून बहुधा १.३५ होते.

आणि म्हणूनच रॅमच्या बाबतीत प्रोसेसरपेक्षाही अधिक सावध असावे. प्रोसेसर तापला तर तो वेग कमी करतो. ओरडून सांगतो म्हणा ना. रॅम ओढाताणीने चुकली तर ती कधी कधी काहीच सांगत नाही. एका छायाचित्रातला एक अंक बदलतो, एका हिशेबात शून्याचा एक होतो, आणि ती बिघडलेली प्रत डिस्कवर जशीच्या तशी जतन होते. सहा महिन्यांनी सहस्रचंद्रदर्शनाचे चित्र उघडावे तो अर्धे करडे! तोपर्यंत जपून ठेवलेल्या दुसऱ्या प्रतीवरही तेच उतरलेले असते. डीडीआर ५ च्या चिपांत काही चुका आतल्या आत दुरुस्त करण्याची सोय असते, परंतु प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर झालेल्या चुका तीत धरल्या जात नाहीत.

तेव्हा धरमपेठेतल्या कुटुंबाला आमचा सल्ला असा. धूळ झाडावी, तापमान मोजावे. नंतर चार-पाच नळ्यांचा उभा कूलर घ्यावा. मुलीच्या कामात सोळा जीबी खरोखर भरत असेल तर सोळा-सोळाची एकाच पुडक्यातली जोडी घ्यावी, ३६०० ची, सीएल १६ किंवा १८ ची, बिनदिव्यांची. जुन्या दोन पट्ट्या धाकट्या भावंडांच्या जुन्या संगणकाला द्याव्यात, किंवा विकाव्यात. ठेका हाताने वाढवू नये. व्होल्टेज थोडे उतरवून पाहावे.

बदल करण्यापूर्वी महत्त्वाच्या फाइलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून ती डिस्क सोडवून ठेवावी. नवी रॅम लावल्यावर मेमटेस्ट ८६ हा कार्यक्रम पेन ड्राइव्हवरून सुरू करावा आणि रात्रभर चालू द्यावा. सकाळी चुकांच्या रकान्यात शून्य असले तरच फाइलींना हात लावावा. तेथे एकही चूक दिसली, तर ‘एकच तर आहे’ असे म्हणू नये. रॅमचा वेग एक पायरी उतरवून पुन्हा रात्रभर तपासावे, आणि नेहमीच्या वेगालाही चूक येत असेल तर हमीची पावती घेऊन दुकान गाठावे. ही तपासणी दिवाळीच्या थंडीत केली असेल, तर ती मे महिन्यात, दुपारी दोनच्या सुमारास, खोलीतला कूलर बंद ठेवून एकदा पुन्हा करावी.